वारा, वास आणि शिकारी

काही वर्षांमागं वैशाखी पौर्णिमेला विदर्भातल्या एका जंगलात प्राणीगणनेसाठी मी मचाणावर बसलो होतो. रात्रभर पाणवठ्यावर कोण कोण येतं ते पाहायचं आणि कागदावर टिपायचं, एवढंच काम. आधी सूचना मिळाली होती: अत्तर नको, वासाचं तेल नको, तंबाखू नको. मी आज्ञाधारक माणूस. साबण तर सोडलाच, वर कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ केली आणि कपडे दोन दिवस झाडाखाली टांगून ठेवले. मनात म्हटलं, आता आपण माणूस नाही, झाडच झालो.

रात्री आठच्या सुमाराला समोरच्या झाडीतून सांबराची एक मादी निघाली. पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर थबकली. मान वर, कान ताठ. मग पुढचा पाय जमिनीवर आपटला, भोंगा वाजावा तसा एकच खणखणीत आवाज काढला, आणि गेली. त्यानंतर दोन तास तिथं बेडकांखेरीज कोणी फिरकलं नाही.

शेजारी बसलेला वनरक्षक हळूच हसला. म्हणाला, "साबण सोडलं ते बरंच केलं, सर. पण हवा तिकडेच जाऊन राहिली ना जी."

श्रोतेहो, आज जे सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्यात आलं आहे. तरी मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, तेव्हा पुराव्यावाचून सोडणं माझ्या धंद्याला शोभायचं नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा खेळ संपला. पण अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार हा आजही लाखो लोकांचा हंगामी छंद आहे. त्यातले पुष्कळजण धनुष्यबाण वापरतात. बंदूकवाल्याला दोनशे पावलांवरूनही नेम धरता येतो. धनुर्धाऱ्याला हरीण वीस-तीस पावलांवर यावं लागतं. म्हणून तिथं वास लपवण्याचा मोठा बाजार उभा राहिला आहे. बिनवासाचे साबण आहेत, कोल्ह्याच्या मुताच्या बाटल्या आहेत, आणि कापडात सक्रिय कोळसा बसवलेले महागडे पोशाख आहेत. प्रश्न असा, की यानं वास लपतो का?

आधी वास येतो कुठून ते पाहू. ताज्या घामाला स्वतःचा असा वास फारसा नसतोच. कातडीवर राहणारे जंतू तो घाम खातात, आणि त्यांच्या जेवणावळीतून जे उरतं त्याला आपण अंगाचा वास म्हणतो. आंघोळीनं हे जंतू कमी होतात, संपत नाहीत. काही तासांत त्यांची पंगत पुन्हा बसते. शिवाय कातडीचे बारीक कण सारखे गळत असतात, केसांना वास असतो, आणि श्वास तर कोणत्याच साबणानं धुता येत नाही. शिकारी जिवंत आहे तोवर तो वास सोडणारच.

आता घेणाऱ्याचं नाक. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी नाकातल्या गंधग्राहकांची जनुकं शोधून काढली. २००४ चं नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दलच मिळालं. माणसात अशी कामाची जनुकं सुमारे ४०० आहेत. हरणासारखीच रवंथ करणारी त्याची नातलग जी गाय, तिच्यात ती हजाराच्या आसपास भरतात. कुत्र्याच्या नाकाची परीक्षा तर मोजून घेतलेली आहे. केळ्यासारखा वास देणारं एक रसायन आहे, अमाइल ॲसिटेट. शिकवलेली कुत्री ते हवेच्या लाख कोटी भागांत एकदोन भाग असलं तरी ओळखतात. अशा नाकापुढं आपण वास नऊ दशांश कमी केला, तरी उरलेला एक दशांश पुरून उरतो.

वासावर वास चढवला तर? आपल्याला वाटतं, कोल्ह्याच्या वासाखाली माणूस झाकला जाईल. पण गांजा चोरून नेणारे लोक तो कॉफीत पुरतात, मिरचीत पुरतात, आणि पोलिसांचं कुत्रं तरीही नेमकं त्याच पेटीपुढं बसतं. हरणालाही बहुधा एवढंच कळत असेल की आज माणसाबरोबर कोल्हाही आला आहे.

कोळशाचा पोशाख ही त्यातल्या त्यात शास्त्राला धरून असलेली गोष्ट. सक्रिय कोळसा वासाचे रेणू आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवतो, हे खरं. पाण्याच्या गाळणीत आपण तोच वापरतो. पण छिद्रं भरली की काम थांबलं. ती नीट मोकळी करायला कित्येकशे अंश उष्णता लागते. कपडे वाळवायच्या घरगुती यंत्रात तेवढी उष्णता नसते. शिवाय गळा, बाह्या आणि तोंड उघडंच. २००२ साली अमेरिकेत याची परीक्षा प्रसिद्ध झाली. सात शोधकुत्री, ४२ चाचण्या. कधी माणूस कोळशाच्या पोशाखात, कधी साध्या कपड्यांत. कुत्र्यांनी जवळजवळ प्रत्येक वेळी माणूस हुडकून काढला. पोशाखानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे प्रकरण मिनेसोटात कोर्टापर्यंतही गेलं. २०१० साली न्यायाधीशांनी 'वास नाहीसा करतो' ही जाहिरात खोटी ठरवली. २०११ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. माझ्या मते सगळा घोळ 'नाहीसा' आणि 'कमी' या दोन शब्दांमधला आहे. थोडा कमी होतो, हे मलाही मान्य आहे.

मग इतके शिकारी शपथेवर सांगतात, त्यांचं काय? ते खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पोशाख घातला, हरीण आलं, सांगण्यासारखी गोष्ट झाली. पोशाख घालून जे दहा दिवस रिकामे गेले, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. आणि ज्या दिवशी हरीण आलं त्या दिवशी वारा कुठून होता, हे विचारायचं राहूनच जातं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते. आमच्या शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न मी दर वर्षी घालतो आणि मुलं दर वर्षी चुकतात.

खऱ्या शिकाऱ्याला हे ठाऊक असतं. जिम कॉर्बेटनं १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकात लिहिलं आहे की माणसाला नाक नाही हे वाघाला माहीत नसतं. म्हणून माणसावर जातानाही तो वारा समोरून घेतो. वाघ काही आंघोळ करून जात नाही.

पण वाराही एकसारखा नसतो, आणि तिथंच मी फसलो होतो. आमचं मचाण उतारावर होतं, पाणवठा खाली नाल्यात. संध्याकाळी पाच वाजता वारा पाण्याकडून माझ्या तोंडावर येत होता. दिवसभर तापलेल्या उतारावरची हवा हलकी होऊन वर चढते, तिचाच तो झोत. सूर्य बुडाला, जमीन निवली, तशी हवा जड होऊन उताराखाली वाहू लागली, आणि माझा वास घेऊन पाण्याकडे निघाली. वनरक्षकानं खिशातून सावरीच्या कापसाची एक म्हातारी काढून सोडून दाखवली. चांदण्यात ती सरळ नाल्याकडे गेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वास लागला म्हणजे जनावर पळतंच, असं नाही. माझ्या एका चुलतभावाची शेती रानाला लागून आहे. रानडुकरं येतात म्हणून तो न्हाव्याकडून कापलेले केस पोत्यानं आणतो आणि बांधावर पसरतो. अनेक ठिकाणी शेतकरी हा उपाय करतात. म्हणजे शिकारी जो वास झाकायला हजारो रुपये मोजतो, तोच हा माणूस फुकट पसरतो! पहिले पंधरा दिवस डुकरं बिचकतात. मग त्यांच्या लक्षात येतं की वास आहे, पण त्यामागं माणूस नाही. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, आता ती केसांवरूनच चालत येतात." यंदा तो रात्री स्वतःच मळ्यात झोपतो आहे, आणि खाट वाऱ्याच्या कुठल्या बाजूला टाकावी म्हणून मला विचारतो आहे.