अटलांटिक कोस्ट परिषदेतील हंगामारंभीचे प्रतिस्पर्धी संघ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या हंगामात, मुख्यतः नोव्हेंबर व डिसेंबर या महिन्यांत, परस्परांशी अथवा बाहेरील संघांशी सामने खेळणारे अटलांटिक कोस्ट परिषदेचे संघ. ‘परिषद’ (कॉन्फरन्स) म्हणजे नियमित सामने व अजिंक्यपद यांसाठी काही विद्यापीठांनी एकत्र येऊन स्थापन केलेली संघटना. परिषदेचे अधिकृत सामने बहुतांशी जानेवारीपासून मार्चच्या आरंभापर्यंत होतात. त्यापूर्वीचे सामने वरवर पाहता सरावाचे वाटतात. परंतु परिषदेच्या सु. सात दशकांच्या इतिहासात त्यांचे महत्त्व अनेकदा बदलत गेले आहे. राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश देण्याच्या नियमांशी या बदलाचा निकटचा संबंध आहे.

स्थापना व चार शेजारी : ग्रीन्सबरोजवळ मे १९५३ मध्ये सात विद्यापीठांनी जुन्या सदर्न परिषदेतून बाहेर पडून ही परिषद स्थापन केली. ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट, वेक फॉरेस्ट, क्लेमसन, साउथ कॅरोलायना व मेरिलंड ही ती विद्यापीठे होत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हर्जिनिया विद्यापीठ त्यांना येऊन मिळाले. आठांपैकी पहिली चार विद्यापीठे एकट्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील असून त्यांना ‘बिग फोर’ (चार मोठे) असे म्हणत. ड्यूक (डरॅम) व नॉर्थ कॅरोलायना (चॅपेल हिल) यांत सु. १६ किमी. अंतर आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट हे जवळच्याच रॉली या राजधानीच्या शहरी आहे. वेक फॉरेस्ट १९५६ पर्यंत रॉलीच्या परिसरातच होते. त्या वर्षी ते पश्चिमेस विन्स्टन-सेलम येथे हलविण्यात आले. तंबाखूच्या व्यापारावर भरभराटलेल्या या टापूस ‘टोबॅको रोड’ असे नाव पडले. ड्यूक विद्यापीठाचे नाव, रॉलीचे रेनल्ड्झ क्रीडागृह व वेक फॉरेस्टचे स्थलांतर या तिन्हींमागे तंबाखू-उद्योजक घराण्यांच्या देणग्या आहेत. चारही विद्यापीठांचे माजी विद्यार्थी एकाच गावात, एकाच कचेरीत व कित्येकदा एकाच कुटुंबात आढळत असल्यामुळे येथील चुरस ही प्रथमतः शेजाऱ्यांची चुरस होती.

डिक्सी क्लासिक : हंगामाच्या पूर्वार्धातील स्पर्धेला लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस (१९००–६६) यांच्याकडे जाते. बास्केटबॉलचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या इंडियाना राज्यातून ते १९४६ मध्ये रॉलीस आले. रेनल्ड्झ क्रीडागृहाचे बांधकाम दुसऱ्या महायुद्धामुळे खोळंबले होते. केस यांच्या आग्रहाने त्याचा विस्तार करण्यात आला. सु. १२,४०० प्रेक्षकांची सोय असलेले हे क्रीडागृह डिसेंबर १९४९ मध्ये खुले झाले व त्याच महिन्यात तेथे ‘डिक्सी क्लासिक’ स्पर्धा सुरू झाली. नाताळ व नववर्ष यांच्या दरम्यान तीन दिवस ती भरे. चार शेजारी संघ व देशाच्या अन्य भागांतून निमंत्रित केलेले चार संघ असे आठ संघ तीत भाग घेत. पहिल्या दिवशी हरलेल्या संघांनाही पुढे खेळावयास मिळे. त्यामुळे प्रत्येक संघाचे तीन सामने होत.

ही स्पर्धा १९४९ ते १९६० या काळात बारा वेळा झाली. बाराही वेळा अजिंक्यपद यजमान राज्यातच राहिले : नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ते सात वेळा, नॉर्थ कॅरोलायनाने तीन वेळा, तर ड्यूक व वेक फॉरेस्ट यांनी प्रत्येकी एकदा मिळविले. दक्षिणेकडील संघ उत्तरेच्या व मध्य-पश्चिमेच्या नामांकित संघांच्या तोडीचे आहेत, हे या स्पर्धेने सिद्ध केले. १९५६ मध्ये फ्रँक मग्वायर (१९१३–९४) यांच्या मार्गदर्शनाखालील नॉर्थ कॅरोलायनाने ती जिंकली आणि तो संपूर्ण हंगाम ३२ सामन्यांत अपराजित राहून पूर्ण केला. वेक फॉरेस्टशी त्या एकाच हंगामात त्यांची चार वेळा गाठ पडली : प्रथम डिक्सी क्लासिकमध्ये, नंतर परिषदेच्या दोन नियमित सामन्यांत व शेवटी परिषदेच्या बाद स्पर्धेत. हा चौथा सामना त्यांनी ६१–५९ अशा निसटत्या फरकाने जिंकला. पुढे विल्ट चेंबरलिन (१९३६–९९) खेळत असलेल्या कॅन्झस संघाचा त्यांनी जादा वेळेच्या तीन डावांनंतर ५४–५३ असा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

या स्पर्धेला वर्णभेदाची काळी बाजूही होती. १९५८ मध्ये सिनसिनॅटीचा ऑस्कर रॉबर्टसन व मिशिगन स्टेटचा जॉनी ग्रीन हे कृष्णवर्णीय खेळाडू येथे खेळले. रॉलीतील हॉटेले वर्णभेद पाळत असल्याने रॉबर्टसनच्या संघाला विद्यार्थ्यांच्या निवासात उतरावे लागले. यजमान परिषदेच्या संघांत त्या वेळी एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ही परंपरा १९६५ मध्ये मेरिलंडच्या बिली जोन्समुळे खंडित झाली.

सट्टेबाजीचे प्रकरण : महाविद्यालयीन सामन्यांवर जो सट्टा लावला जाई, तो केवळ विजयावर नसून गुणांच्या फरकावर असे. सामना जिंकूनही फरक ठराविक मर्यादेच्या आत ठेवावा, यासाठी सट्टेबाज खेळाडूंना पैसे देत. या प्रकारात नॉर्थ कॅरोलायना स्टेट व नॉर्थ कॅरोलायना यांचे काही खेळाडू गुंतल्याचे १९६१ मध्ये उघडकीस आले. सट्टेबाजांनी खेळाडूला पिस्तुलाचा धाक दाखविल्याचेही निष्पन्न झाले. दोन्ही विद्यापीठे ज्या संयुक्त विद्यापीठाचे घटक होती, त्याचे अध्यक्ष विल्यम फ्रायडे (१९२०–२०१२) यांनी डिक्सी क्लासिक कायमची बंद केली. दोन्ही संघांना परिषदेचे चौदा व बाहेरचे केवळ दोन सामने खेळण्याची मुभा राहिली. परिषदेच्या क्षेत्राबाहेरून वर्षाला दोनच खेळाडू घेण्याची मर्यादाही त्यांच्यावर घालण्यात आली. मग्वायर विद्यापीठ सोडून गेले व त्यांचे तरुण साहाय्यक डीन स्मिथ (१९३१–२०१५) प्रशिक्षक झाले. त्यांच्या पहिल्या हंगामात संघाने आठ विजय व नऊ पराभव, असे एकूण सतराच सामने खेळले. राज्यातील सर्वांत लोकप्रिय क्रीडास्पर्धा बंद केल्याबद्दल फ्रायडे यांच्यावर टीका झाली. तथापि त्यांनी निर्णय बदलला नाही.

१९७० च्या दशकात ग्रीन्सबरो येथे ‘बिग फोर’ स्पर्धा सुरू झाली. तीत बाहेरच्या संघांना स्थान नव्हते. चार शेजारीच दोन दिवसांत परस्परांशी खेळत आणि त्या सामन्यांचे निकाल परिषदेच्या गुणतालिकेत धरले जात नसत. प्रेक्षकांना ही स्पर्धा प्रिय होती. परंतु तेच संघ पुढे दोनदा व कधीकधी तीनदा भेटत असल्याने संघांना ती ओझ्यासारखी वाटू लागली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ती बंद पडली.

राष्ट्रीय स्पर्धेचा प्रवेशनियम : दीर्घ काळ प्रत्येक परिषदेतून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शके. अटलांटिक कोस्ट परिषदेत तो संघ नियमित सामन्यांच्या तालिकेवरून न ठरता हंगामाअखेरच्या तीन दिवसांच्या बाद स्पर्धेवरून ठरे. त्यामुळे डिसेंबरातील निकालांनी कीर्ती मिळे, प्रवेश मिळत नसे. १९७३–७४ चा हंगाम याचे उत्तम उदाहरण होय. नॉर्थ कॅरोलायना स्टेट संघ डिसेंबर १९७३ मध्ये सेंट लूइस येथे तत्कालीन विजेत्या यूसीएलए संघाकडून ६६–८४ असा हरला. त्यानंतर तो एकही सामना हरला नाही. मार्चमध्ये ग्रीन्सबरो येथे राष्ट्रीय उपांत्य सामन्यात त्याने त्याच प्रतिस्पर्ध्याला जादा वेळेच्या दोन डावांनंतर ८०–७७ असे हरविले व नंतर अजिंक्यपद मिळविले. तत्पूर्वी परिषदेच्या अंतिम सामन्यात त्याने मेरिलंडवर १०३–१०० अशी मात केली होती. देशातील अग्रगण्य संघांत गणना होत असूनही केवळ या एका पराभवामुळे मेरिलंडला राष्ट्रीय स्पर्धेस मुकावे लागले. नियमातील ही उणीव सर्वांच्या लक्षात आली. १९७५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतील संघांची संख्या ३२ करण्यात आली आणि एका परिषदेतून एकाहून अधिक संघ निवडण्यास मान्यता मिळाली. ही संख्या १९८५ मध्ये ६४ व २०११ मध्ये ६८ झाली.

या बदलानंतर निवड समितीपुढे वेगवेगळ्या परिषदांतील संघांची तुलना करण्याचा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी १९८१ पासून एक गणिती निर्देशांक वापरण्यात येऊ लागला. त्यात संघाच्या स्वतःच्या यशास एक चतुर्थांश, प्रतिस्पर्ध्यांच्या यशास निम्मे व प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यशास उरलेले एक चतुर्थांश महत्त्व असे. २०१८ पासून त्याची जागा अधिक व्यापक मूल्यमापनपद्धतीने घेतली. प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाचे महत्त्व तीतही कायम राहिले.

हंगामारंभीच्या सामन्यांचे आधुनिक महत्त्व यातून स्पष्ट होते. परिषदेतील दोन संघ परस्परांशी खेळतात, तेव्हा एकाच्या नावे विजय व दुसऱ्याच्या नावे पराभव लागतो. परिषदेची एकूण बेरीज बदलत नाही. ती वाढते किंवा घटते केवळ बाहेरच्या सामन्यांत, आणि हे सामने बहुतेक डिसेंबरअखेर संपलेले असतात. म्हणजे परिषदेची सामूहिक पत नववर्षापूर्वीच जवळजवळ निश्चित होते. पुढील दोन महिने संघ त्या पतीची आपापसांत वाटणी करतात. त्यामुळे जानेवारीत कट्टर प्रतिस्पर्धी असणारे संघ डिसेंबरात नकळत भागीदार असतात. शेजाऱ्याचा बाहेरच्या संघाकडून झालेला पराभव प्रेक्षकाला सुखावतो. परंतु त्याच शेजाऱ्यावर पुढे मिळविलेल्या विजयाचे मोलही तो कमी करतो.

बाहेरच्या सामन्यांतील धोका किती मोठा असतो, हे २३ डिसेंबर १९८२ रोजी दिसून आले. राल्फ सॅम्पसन हा उंचापुरा खेळाडू असलेल्या, देशात प्रथम क्रमांकावरील व्हर्जिनिया संघाला होनोलूलू येथील चॅमिनाड या लहानशा महाविद्यालयाने ७७–७२ असे हरविले. या विजयाच्या प्रसिद्धीतून १९८४ मध्ये हवाई बेटांवर चॅमिनाडच्या यजमानपदाखाली निमंत्रितांची स्पर्धा सुरू झाली. १९९९ पासून ‘बिग टेन’ परिषदेशी दरवर्षी संघास संघ अशी लढत ठरविण्यात आली. ती २०२२ पर्यंत चालली. २०२३ पासून तिची जागा ‘साउथईस्टर्न’ परिषदेविरुद्धच्या लढतीने घेतली. डिसेंबर २०२४ मधील अशा सोळा सामन्यांपैकी चौदा साउथईस्टर्न परिषदेने जिंकले. अटलांटिक कोस्ट परिषदेतर्फे केवळ ड्यूक व क्लेमसन विजयी झाले. मार्च २०२५ मधील राष्ट्रीय स्पर्धेत साउथईस्टर्न परिषदेच्या सोळांपैकी चौदा, तर अटलांटिक कोस्ट परिषदेच्या अठरांपैकी केवळ चार संघांची निवड झाली.

विस्तार व परिणाम : मूळ आठ सदस्यांपैकी साउथ कॅरोलायना १९७१ मध्ये व मेरिलंड २०१४ मध्ये परिषद सोडून गेले. दूरचित्रवाणीचे उत्पन्न व फुटबॉलची गरज यांमुळे नवे सदस्य येत राहिले. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया व सदर्न मेथडिस्ट यांच्या प्रवेशाने सदस्यसंख्या अठरा झाली आणि अटलांटिक किनाऱ्याच्या नावाची परिषद पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पोहोचली. प्रत्येकाने प्रत्येकाशी स्वगृही व परगृही खेळण्याची जुनी दुहेरी साखळी पद्धत २००४ च्या विस्तारानंतरच अशक्य झाली होती. परिषदेची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी २०१९ मध्ये सुरू झाल्यावर परिषदेचे सामने वीस करण्यात आले व त्या वर्षीचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात परिषदांतर्गत सामन्यांनी सुरू झाला. मात्र २०२५–२६ पासून सामने पुन्हा अठरा करण्यात आले. प्रबळ बाहेरच्या संघांशी खेळण्यास अधिक मोकळीक मिळावी, हा त्यामागील एक हेतू होता. या योजनेत प्रत्येक संघ दोन प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा, चौदांशी एकदा व एकाशी मुळीच खेळत नाही. एके काळी एकाच हंगामात चार वेळा भेटणाऱ्या शेजाऱ्यांना नियमित हंगामात परस्परांना एकदाच भेटण्याची वेळ त्यामुळे येऊ शकते.

केस यांनी लोकप्रिय केलेला मार्ग मात्र अद्याप खुला आहे. परिषदेची बाद स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप प्रवेश मिळतो. २०२४ मध्ये दहावे मानांकन असलेल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने पाच दिवसांत पाच सामने जिंकले. त्यांत ड्यूक व अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना या दोन्ही जुन्या शेजाऱ्यांवरील विजयांचा समावेश होता. पुढे या संघाने राष्ट्रीय उपांत्य फेरी गाठली. हंगामाच्या आरंभी गमावलेली पत अखेरच्या आठवड्यात भरून काढण्याचा हा मार्ग आहे. पण तो दरवर्षी एकाच संघाला उपलब्ध असतो. उरलेल्या सतरा संघांचे भवितव्य बऱ्याच अंशी नोव्हेंबर-डिसेंबरातील सामन्यांवर अवलंबून राहते.