गोठ्याच्या दाराशी जीवरसायनाचा पहिला पाठ

बालाघाटाच्या उतारावर वसलेल्या आष्टी तालुक्यातील कोणत्याही गावी, भल्या पहाटे धारा काढण्याच्या वेळी जो मनुष्य गोठ्याचे दार उघडतो, त्याच्या नाकाला प्रथम जो उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा दर्प झोंबतो, तो अमोनियाचा होय. आणि जीवरसायनशास्त्राचा पहिला पाठ मला कोणा नवख्या विद्यार्थ्याला द्यावयाचा झाला, तर मी त्याला प्रयोगशाळेत न नेता त्या दाराशीच उभा करीन. ताज्या गोमूत्राला हा दर्प फारसा नसतो. त्यात असतो युरिया, आणि युरियाला वास नाही. परंतु हे मूत्र भुईवरच्या शेणात मिसळले, की शेणातील सूक्ष्म जीव त्या युरियाचे विघटन करून अमोनिया मोकळा करतात. एका जीवाने घडविलेला पदार्थ दुसऱ्या जीवाने मोडला. अशा घडमोडीचा शोध घेणे हेच या शास्त्राचे काम.

हाच युरिया शेतकरी पोत्यात भरलेला विकत आणतो. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन, एवढ्या अणूंचा हा लहानसा रेणू पोत्यातला घ्या वा गाईच्या देहातला घ्या, त्यात तिळमात्र फरक सापडणार नाही. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. पण सजीवांच्या देहात निपजणारे पदार्थ घडविण्यास एक विशेष प्राणशक्ती लागते, अशी समजूत युरोपातील भल्याभल्या पंडितांची होती, आणि १८२८ साली फ्रीडरिश व्होलर याने अमोनियम सायनेटपासून, म्हणजे निर्जीव गणल्या जाणाऱ्या क्षारापासून, युरिया तयार करून, मूत्रपिंडाच्या साहाय्यावाचून आपल्याला हे साधते असे आपल्या गुरूला, बर्झेलियसला, कळविले, तेव्हा त्या समजुतीच्या सनदेला मोठा धक्का बसला. ती त्याच दिवशी खालसा झाली असे मात्र नव्हे. असल्या सनदा हळूहळूच रद्द होतात.

मग देहाला युरिया घडविण्याची गरज का पडावी? आपण डाळ, दूध, अंडी यांतून जी प्रथिने खातो, ती सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या असतात. पचनात त्या साखळ्या सुटतात, देह त्यांतून स्वतःची प्रथिने गुंफतो, आणि उरलेल्या आम्लांचा इंधन म्हणून विनियोग करताना त्यांतील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. अमोनिया तर मेंदूला घातक. म्हणून यकृत त्याचा युरिया करून रक्तावाटे मूत्रपिंडाकडे रवाना करते. ही तजवीज चक्राकार आहे, म्हणजे ज्या पदार्थापासून फेरा सुरू होतो तोच शेवटी पुन्हा हाती येतो, हे हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली दाखविले. देहाचा हा जमाखर्च अहोरात्र चालू असतो, आणि त्याच्या खातेवहीतील प्रत्येक नोंदीमागे एक कारभारी असतो. त्या कारभाऱ्याला मराठीत विकर म्हणतात. बोलण्यात एन्झाइम हाच शब्द रुळला आहे.

विकर म्हणजे काय, हे युरियावरूनच उत्तम कळते. नुसत्या पाण्यात, देहाइतक्या उबेत, युरिया आपोआप मोडू दिला तर त्यातील निम्मा मोडण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. युरिएज नावाचे विकर हजर असले तर एकेक रेणू सेकंदाचा अल्पांशही न लागता मोडतो, आणि विकर स्वतः न झिजता पुढच्या रेणूकडे वळते. जेम्स सम्नर या एका हाताने अधू असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आबईच्या जातकुळीतील एका शेंगेच्या दाण्यांतून १९२६ साली या विकराचे स्फटिक मिळविले व ते प्रथिन असल्याचे दाखविले. ते प्रथम पुष्कळांनी मानले नाही. नोबेल पारितोषिक मिळण्यास १९४६ साल उजाडले.

हे पाहण्यास अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. कच्च्या सोयाबीनचे पीठ दोन पेल्यांत घ्यावे, एकातले आधी चांगले उकळून गार करावे, दोन्हींत थोडे युरियाचे पाणी आणि चिमूटभर हळद घालावी. काही वेळाने कच्च्या पिठाचा पेला, चुन्याच्या संगतीने हळदीचे कुंकू व्हावे तसा, तांबूस होतो. कारण युरियापासून निघालेला अमोनिया अल्कधर्मी असतो. उकळलेला पेला पिवळाच राहतो. विकराची सारी करामत त्याच्या साखळीच्या विशिष्ट घडीत असते. उष्णतेने ती घडी मोडली, की घटक सर्व तेच असूनही काम बंद पडते.

माणसाच्या पेशी युरिएज बनवीत नाहीत, म्हणून युरिया आपल्याला अन्न म्हणून निरुपयोगी आहे. गाईची गोष्ट निराळी. २०१९ च्या दुष्काळात आष्टी तालुक्यात जागोजागी चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्या प्रसंगी पोटभर पण निकस चाऱ्यावर जनावर कसे तगते हा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या कोठ्यात अब्जावधी सूक्ष्म जीव वस्ती करून असतात. ते युरियातील नायट्रोजन घेऊन स्वतःची प्रथिने बनवितात, आणि पुढे गाय त्या जीवांनाच पचविते. इतकेच नव्हे, तर तिच्या यकृताने केलेला युरिया काही अंशी लाळेवाटे परत त्या कोठ्यात येतो. म्हणूनच शंभर किलो काडावर चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून, ते सुमारे तीन आठवडे हवाबंद दाबून ठेवून, मग खाऊ घालण्याची रीत पशुवैद्य सांगतात. मात्र प्रमाण चुकले तर तोच युरिया विष होतो.

मराठी वाचकाने या शास्त्राच्या संदर्भात कमलाबाई सोहोनी हे नाव ध्यानी ठेवावे, असे मला मनापासून वाटते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा केवळ स्त्री म्हणून तिला प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. तिने हट्टाने तो मिळविला, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. वनस्पतींच्या पेशीही श्वसनासाठी सायटोक्रोम सी हे प्रथिन वापरतात, हे तिने बटाट्यावरून दाखविले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करताना कमलाबाईंनी वालासारख्या कडधान्यांतील, ट्रिप्सिन या पाचक विकराला अडविणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास केला. कच्चे कडधान्य नीट का पचत नाही, याचे एक कारण हे अडवणूक करणारे प्रथिन होय. आणि तेही, युरिएजप्रमाणेच, शिजविल्याने निकामी होते. सोयाबीनची पेंड तयार करणारे कारखानदार याच साम्याचा उपयोग करतात: पेंडीच्या नमुन्यात युरिया आणि रंग पालटणारे द्रव्य घालून पाहतात, आणि रंग झपाट्याने पालटला, तर पेंड अजून कच्ची आहे असे समजून ती पुन्हा भाजावयास पाठवितात.