चित्रांची खुली लिपी

पत्र लिहिणारा आणि वाचणारा या दोघांनाही एकच लिपी येत असेल, तरच त्या पत्राचा उपयोग होतो. रेडिओलहरींवरून चित्र पाठवतानाही हीच अट असते. हौशी रेडिओ, म्हणजेच ‘हॅम रेडिओ’च्या जगात ही समाईक लिपी खुल्या मानकांनी पुरवली आहे. ज्या तांत्रिक नियमांचा तपशील प्रसिद्ध असतो आणि ज्यांचा वापर करण्यास सर्वांना वाव असतो, त्यांना खुली मानके म्हणतात.

१९५७-५८ च्या सुमारास कोपथॉर्न मॅकडोनाल्ड या अमेरिकन विद्यार्थ्याने ‘स्लो-स्कॅन टेलिव्हिजन’ ही मंदगती चित्रप्रेषणाची पद्धत विकसित केली. नेहमीच्या दूरचित्रवाणीला काही मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. संभाषणाला मात्र सुमारे ३ किलोहर्ट्झ पुरतात. एवढ्या अरुंद वाटेने चित्र न्यायचे, तर ते सावकाशच न्यावे लागते. म्हणून चित्राची एकेक ओळ घेऊन तिच्यातील उजेड-अंधाराचे स्वरांत रूपांतर केले जाते. काळ्या रंगासाठी १५०० हर्ट्झ, पांढऱ्यासाठी २३०० हर्ट्झ आणि ओळींचा मेळ राखण्यासाठी १२०० हर्ट्झ असे संकेत ठरले. हे संकेत सर्वांना ठाऊक असल्यामुळेच आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर प्रसारित झालेली चित्रे अनेक देशांतील विद्यार्थ्यांनी साध्या रेडिओ संचाच्या आणि संगणकाच्या साहाय्याने मिळवली आहेत.

या पद्धतीत एक उणीव आहे. वाटेत मिसळलेला गोंगाट चित्रावर ठिपक्यांच्या व रेघांच्या रूपाने उतरतो. डिजिटल पद्धतीत चित्र प्रथम संख्यांत बदलले जाते. त्या संख्या अनेक अरुंद उपवाहक लहरींवर विभागून पाठवतात आणि चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून त्यांना जादा अंक जोडतात. तरीही काही तुकडे हरवलेच, तर चित्र घेणारा तेवढेच तुकडे पुन्हा मागवू शकतो. सर्व तुकडे पोहोचले की पाठवलेले चित्र जसेच्या तसे उमटते.

या पद्धतीच्या एका प्रचलित प्रकाराचा पाया ‘डिजिटल रेडिओ मोंडिअल’ या प्रसिद्ध मानकात आहे. आकाशवाणीनेही प्रसारणासाठी हे मानक वापरले आहे. मूळ मानकाला किमान साडेचार किलोहर्ट्झ रुंदी लागते. परंतु त्याचा तपशील उघड असल्यामुळे हौशी तंत्रज्ञांना ते सुमारे अडीच किलोहर्ट्झच्या वाटेत बसवता आले. दार बंद असते, तर ही वाट सापडलीच नसती.

खुलेपणामागे नियमाचेही बळ आहे. उपग्रहनियंत्रणाचे संदेश वगळता, निरनिराळ्या देशांतील हौशी केंद्रांना अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरण्यास आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम मनाई करतात. अर्थात, खुलेपणा म्हणजे मोकाट स्वातंत्र्य नव्हे. भारतात हौशी प्रक्षेपणासाठी परवाना आवश्यक असतो.

मानक गुप्त राहिले, तर ते बनवणाऱ्याने काम थांबवताच त्यावर विसंबलेली यंत्रे मुकी होण्याचा धोका असतो. महापुरात दूरध्वनी बंद पडले आहेत आणि खचलेल्या पुलाचे चित्र मदत केंद्राला हवे आहे, अशी कल्पना करावी. पाठवणाऱ्याचा संच एका बनावटीचा असेल आणि घेणाऱ्याचा दुसऱ्या. त्या क्षणी लिपी समान असली, तरच त्या पुलाचे चित्र मदत केंद्रातील पडद्यावर उमटेल.