पेटंटच्या धाकाखालचे ड्रायव्हर

एस३ या ग्राफिक्स चिप कंपनीने २ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेत एका तंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला. चित्राचे चार बाय चार पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनासाठी दोनच रंग साठवायचे, मधल्या दोन छटा त्यांवरून काढायच्या आणि प्रत्येक पिक्सेलला दोन बिट द्यायचे. असे सोळा पिक्सेल ६४ बिटांत मावतात. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे तंत्र डायरेक्टएक्स या आपल्या ग्राफिक्स प्रणालीत घेतले आणि गेम त्यावर बेतले जाऊ लागले.

लिनक्सवरच्या मेसा या खुल्या ग्राफिक्स प्रणालीत मात्र पेटंटमुळे ते वर्षानुवर्षे आले नाही. त्यासाठीची लायब्ररी वेगळी ठेवावी लागली आणि अनेक लिनक्स वितरणांनी ती सोबत दिली नाही. चिपला हे तंत्र येत असूनही गेममधल्या भिंती-जमिनी नीट दिसण्यासाठी वापरणाऱ्याला ती लायब्ररी शोधून बसवावी लागे.

चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरचा कोड बंद असेल तर आत कोणती पद्धत वापरली आहे, हे बाहेरच्याला सहज कळत नाही. कोड खुला झाला की प्रतिस्पर्ध्याचा वकील तो ओळ न ओळ वाचू शकतो. पद्धत आपली आपण शोधली, हा बचाव सहसा टिकत नाही. उल्लंघन जाणूनबुजून केल्याचे ठरले तर अमेरिकेत भरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते. ड्रायव्हर बंद ठेवण्यामागे व्यापारी गुपिते आणि दुसऱ्यांकडून परवान्याने घेतलेला कोड हीही कारणे होतीच, पण पेटंटची भीती निराधार नव्हती. २००६ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने फ्लोटिंग पॉइंट (दशांश) आकड्यांत रंग साठवण्याच्या पेटंटवरून एटीआय या चिप कंपनीला कोर्टात खेचले. हीच सोय मेसाने २०११ मध्ये घेतली खरी, पण ती आपोआप चालू होणार नाही अशी ठेवून.

त्याच वर्षीचे डूम ३ या गेमचे उदाहरण ड्रायव्हरचे नसले तरी फार बोलके आहे. सावल्या काढण्याच्या पद्धतीचे पेटंट क्रिएटिव्हकडे होते. २००४ मध्ये गेम बाजारात येताना त्या कंपनीशी समझोता झाला होता. तरीही कोड खुला करायची वेळ आली तेव्हा वकील बिचकले आणि गेमचे प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांना तेवढा भाग बदलावा लागला. चालत असलेला, विकला गेलेला कोड केवळ उघडा होणार म्हणून पुन्हा लिहावा लागला, हे श्रम निव्वळ वाया गेलेले आहेत.

एस३चे पेटंट ऑक्टोबर २०१७ मध्ये संपले. त्याच महिन्यात ते तंत्र मेसात दाखल झाले. फ्लोटिंग पॉइंटचे बंधन २०१८ मध्ये सुटले. व्हिडिओचा प्रश्न मात्र उरला: २०२२ मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाने पेटंटच्याच कारणाने मेसातील एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ प्रकारांची हार्डवेअर डिकोडिंगची सोय काढून टाकली.