उसनवारीच्या स्क्रिप्टा

जून २०२४ मध्ये एक लाखाहून अधिक संकेतस्थळे एकाच वेळी धोक्यात आली. स्थळ चालकाचे, मजकूरही त्याचाच. परंतु मोबाइलवरून येणाऱ्या काही वाचकांना परस्पर सट्टेबाजीच्या स्थळावर नेऊन सोडले जात होते. या स्थळांत कोणी शिरकाव केला नव्हता. ‘पॉलिफिल डॉट आयओ’ या पत्त्यावरून त्यांनी एक स्क्रिप्ट उसनी घेतली होती, एवढाच त्यांचा अपराध. जुन्या ब्राउझरांतील उणिवा भरून काढण्याचे काम ती स्क्रिप्ट अनेक वर्षे इमानाने करीत होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तो पत्ता एका चिनी कंपनीने विकत घेतला. मूळ कर्ते अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच ही स्क्रिप्ट काढून टाका, असे बजावले होते. लाखभर चालकांनी ते मनावर घेतले नाही.

या उसनवारीमागचा युक्तिवाद एके काळी बिनतोड होता. हजारो स्थळांनी जेक्वेरीसारखी फाइल एकाच सामायिक वितरणजाळ्यावरून घेतली, की वाचकाच्या ब्राउझरात ती एकदा साठे आणि पुढल्या प्रत्येक स्थळी आयती मिळे. तथापि या साठ्यावरून वाचकाच्या भटकंतीचा माग काढता येतो, हे ध्यानात आल्यावर ब्राउझरांनी प्रत्येक स्थळाचा साठा वेगळा केला. सफारीने ते आधीच केले होते. क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये, तर फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. साहजिकच तीच फाइल आता दर स्थळी नव्याने उतरवावी लागते. वर परक्या सर्व्हरशी निराळा संपर्क साधण्याचा वेळ जातो तो वेगळाच. फायदा गेला, सवय मात्र राहिली.

दूरच्या वाचकाला जवळच्या केंद्रातून फाइल पोहोचते, हा वितरणजाळ्याचा गुण खरा आहे. पण त्यासाठी आपले संपूर्ण स्थळच अशा जाळ्यामागे ठेवता येते. फाइलीचा ठसा पानात नोंदविण्याची सोयही २०१६ पासून प्रमाणित आहे. ठसा न जुळल्यास ब्राउझर ती चालवीत नाही. पॉलिफिल मात्र ब्राउझर पाहून निरनिराळी फाइल पाठवी. तेथे ठसा कशाचा घेणार?

स्क्रिप्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली, की तिच्यातील दोषांची दुरुस्तीही स्वतःच करावी लागते. हा व्याप खराच. शाळा-महाविद्यालयांची स्थळे तर बहुधा कंत्राटाने एकदा बांधून घेतली जातात आणि पुढे कोणी पाहत नाही. कंत्राटदाराने कोणकोणत्या परक्या पत्त्यांवरून काय आणले आहे, हे पानाचा मूळ कोड उघडून एखाद्या जाणकार विद्यार्थ्यालाही पाहता येईल.