तांजियरची हुआनिता



१६६१ सालच्या विवाहकराराअन्वयें पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याबरोबर इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास आंदण म्हणून मुंबई मिळाली, हें आपण शाळेंत शिकलों आहों. त्याच आंदणांत मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील तांजियर हें बंदरही होतें, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. इंग्रजांनीं तें १६८४ मध्यें सोडून दिलें. त्या शहरांतील एका स्त्रीची ओळख आज करून द्यावयाची आहे. ती हाडामांसाची नव्हे, कादंबरींतील आहे.

ब्रिटन, फ्रान्स व स्पेन यांनीं १९२३ सालीं केलेल्या करारानें तांजियर आंतरराष्ट्रीय प्रदेश ठरलें. सुलतानाचा प्रतिनिधि तेथें असे. परंतु सत्तेच्या किल्ल्या परराष्ट्रांच्या वकिलांपाशीं होत्या. पैशाच्या देवघेवीस निर्बंध नव्हता. बाजारांत अरबी, स्पॅनिश, फ्रेंच व इंग्रजी कानीं पडत. शिवाय १४९२ सालीं स्पेनमधून हद्दपार झालेल्या यहुद्यांच्या वंशजांची हाकेतिया ही बोली होती. जुन्या स्पॅनिशमध्यें हिब्रू व अरबी शब्द मिसळून ती झाली आहे.

याच शहरांत १९२९ सालीं जन्मलेल्या आंखेल वास्केस यांनीं १९७६ मध्यें 'हुआनिता नार्बोनीचें कुत्र्याचें जिणें' अशा अर्थाच्या नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. हुआनिताचा बाप जिब्राल्टरचा इंग्रज, आई अंदालुसियाची. ती अविवाहित. सबंध पुस्तक म्हणजे तिचें स्वगत. आणि त्यांत ती वारंवार हांक मारते ती आपल्या मृत आईला.

बाहेर काळ पालटत होता. ९ एप्रिल १९४७ रोजीं सुलतान पांचवा महंमद यानें तांजियरमध्यें भाषण करून मोरोक्कोच्या एकतेचा व हक्कांचा उघड पुरस्कार केला. १९५६ मध्यें देश स्वतंत्र झाला, शहराचा आंतरराष्ट्रीय दर्जा संपला. १९६० मध्यें आर्थिक सवलतीही गेल्या. व्यापारी गेले, शेजारी गेले. हुआनिता राहिली. तिनें अर्ज केला नाहीं कीं निशाण उभारलें नाहीं; तिचें शस्त्र एकच, जीभ! ज्या सरमिसळ बोलींत तें शहर बोलत असे, तींत ती मेलेल्यांशीं बोलत राहते व तेवढ्यापुरतें शहर जिवंत ठेवते.

तिचा हा हट्ट योग्य होता काय? ज्यांची ही भूमि, त्या मोरोक्कन लोकांच्या दृष्टीनें हा पालट म्हणजे न्याय होता. हुआनिताला तें दिसत नाहीं. ती मत्सरी आहे, पूर्वग्रहदूषित आहे, आणि लेखकानें तें झांकलेलें नाहीं. पण इतरांना परतावयास कोठें तरी देश होता. हिचा देश म्हणजे हें शहरच. तें गेल्यावर तिनें जावें कोठें? वास्केस स्वतः १९८० मध्यें माद्रिदला, जन्मगांवापासून दूर, वारले.

२००५ सालीं या कथेवर चित्रपट काढला तो फरीदा बेनलियाझिद या तांजियरमध्येंच जन्मलेल्या मोरोक्कन स्त्रीनें. ज्यांच्याकडे हुआनितानें कधीं नीट पाहिलें नाहीं, त्यांच्यांतलीच एक तिचें गाऱ्हाणें ऐकावयास बसली. हुआनिताला एवढें औदार्य साधलें नव्हतें.