चिमूटभर मिठातील आयोडीनचा हिशेब

प्रौढ मनुष्यास दररोज लागणारे आयोडीन केवळ १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे साडेसहा हजारावा भाग. परंतु ही नगण्य वाटणारी रक्कम सतत थकीत राहिली, तर गलगंड होतो आणि गर्भावस्थेत बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणूनच एखाद्या लोकसमूहाच्या रोजच्या आहारातून आयोडीन पुरेसे मिळते की नाही, हे मोजणे अगत्याचे ठरते.

आहार सर्वेक्षणाची नेहमीची पद्धत म्हणजे चोवीस तासांत काय खाल्ले ते विचारणे, अथवा शिजविण्यापूर्वी धान्य-भाजी वजन करून घेणे आणि अन्नघटकांच्या कोष्टकांवरून बेरीज मांडणे. ऊर्जा व प्रथिनांच्या बाबतीत ती उपयोगी पडते. आयोडीनबाबत मात्र ती तोकडी ठरते, कारण एकाच भाजीतील आयोडीन ती कोणत्या जमिनीत पिकली यावर अवलंबून असते. शिवाय, फोडणीनंतर भांड्यात नेमके किती मीठ पडले, हे कोणती गृहिणी सांगू शकेल?

आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांस आयोडीनयुक्त, तर काही भागांस साधे मीठ पुरविले आणि शाळकरी मुलांच्या गळ्यांची तपासणी केली. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. त्याच आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तथापि गळ्याची सूज उतरण्यास काळ जातो. आजच्या आहाराची स्थिती तिच्यावरून कळत नाही.

यावरील तोड आम्हा बँकवाल्यांना सहज पटावी अशी आहे. जमेच्या नोंदी विश्वसनीय नसतील, तर नावेच्या नोंदी पाहाव्यात! पोटात गेलेल्या आयोडीनपैकी सुमारे ९० टक्के मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे अनेक मुलांच्या मूत्राचे नमुने तपासून त्यांचा मध्यक काढतात. तो लिटरमागे १०० ते १९९ मायक्रोग्रॅम असल्यास पुरवठा पुरेसा समजतात. सरासरी न घेता मध्यक घेण्याचे कारण असे की, थोड्या लोकांचे फार मोठे आकडे सरासरीस फुगवितात. केवळ मध्यकावरही विसंबता येत नाही. ५० मायक्रोग्रॅमहून कमी असलेले नमुने २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत, अशी जोड-कसोटी आहे. एका व्यक्तीच्या एका नमुन्यावरून मात्र तिच्याविषयी काहीही ठरविता येत नाही, कारण हा आकडा दिवसागणिक बदलतो.

भारतात घरापर्यंत पोहोचलेल्या मिठात दशलक्ष भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. दिवसाला १० ग्रॅम मीठ धरल्यास बरोबर १५० मायक्रोग्रॅम होतात. पण रक्तदाबाच्या भीतीने मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते. तो पाळल्यास, किमान मर्यादेतील मिठातून निम्मेच आयोडीन मिळेल. तेव्हा मीठ जसजसे कमी होईल, तसतसे त्यातील आयोडीन किती वाढवावे, हे नव्या नमुन्यांवरूनच ठरवावे लागेल.